मुलकी, गैरमुलकी आणि मोडलेला संसार

परमुलखांतून येऊन एकाद्या गांवीं बिऱ्हाड थाटणाऱ्या कुटुंबास दोन ठिकाणीं जागा मिळवावी लागते: एक गांवांत आणि दुसरी सरकारी दफ्तरांत. गांवांतील घराचा उंबरठा नवराबायको मिळून ओलांडतात; दफ्तरांत मात्र बहुधा एकट्या नवऱ्याचें नांव लिहिलें जातें आणि बायकामुलांची गणना त्याच्या नांवाखालीं होते. संसार सुरळीत चालला असतां ह्या रीतीचा अर्थ कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. नवरा निघून गेला, त्यानें बायकोस टाकिलें, किंवा दोघांचा घटस्फोट झाला, म्हणजे मग प्रश्न उभा राहतो कीं, त्या मुलखांत इतकीं वर्षें राहिलेली ही स्त्री आणि तिचीं मुलें तेथलीं कीं परकीं? ह्या प्रश्नाचा विचार आम्हांस एका जुन्या आणि जवळच्या उदाहरणावरून करावयाचा आहे. तें उदाहरण म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानांतील मुलकी नियमांचें.

ह्या नियमांचा इतिहास आमच्याकडे सांगितला जातो तो नोकऱ्यांच्या भांडणाचा इतिहास म्हणून, आणि तो तसा आहेही. परंतु त्याच्या पोटांत कुटुंबाच्या कायद्याचा एक अध्याय दडलेला आहे; आणि तो वाचण्यास धाराशिव जिल्ह्याइतकें सोईचें स्थळ दुसरें क्वचितच सांपडेल. हा जिल्हा पूर्वीं नळदुर्गच्या नांवें ओळखला जाई. इ. स. १८५३च्या तहानें वऱ्हाड व रायचूर दुआब ह्यांच्याबरोबर तो कंपनी सरकारच्या कारभाराखालीं गेला, आणि १८६० सालीं निजामाकडे परत आला. म्हणजे येथील रयत आपलें गांव न सोडतां सात वर्षांत दोनदां एका अंमलांतून दुसऱ्यांत गेली. पुढें जिल्ह्याचें ठाणें धाराशिवास आलें, आणि १९११ सालीं गादीवर बसलेल्या मीर उस्मान अलीखान ह्यांच्या नांवावरून त्यास उस्मानाबाद म्हणूं लागले. धाराशिव हें जुनें नांव सरकारी रीतीनें परत आलें तें २०२३ सालीं.

जिल्ह्याच्या पश्चिमेस व दक्षिणेस इंग्रजी अंमलांतील सोलापूर जिल्हा. परांडा, कळंब, तुळजापूर ह्या तालुक्यांची बाजारहाट, देवदर्शन आणि सोयरीक हीं सरहद्द ओळखीत नव्हतीं. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १९११ सालीं लातुरापर्यंत पोहोंचली, आणि लातूर तेव्हां ह्याच जिल्ह्यांत होतें. बार्शीची मुलगी कळंबास द्यावी, तुळजापूरची सोलापुरास द्यावी, ह्यांत कोणास परदेशगमन वाटत नसे. राज्याच्या दृष्टीनें मात्र तें परदेशगमनच होतें.

आतां मुलकीपणाची कल्पना कोठून आली तें पाहूं. पहिले सालारजंग १८५३पासून १८८३पर्यंत दिवाण होते. त्यांनीं राज्यकारभाराची नवी घडी बसविली, आणि तीसाठीं उत्तर हिंदुस्थानांतून व अन्य प्रांतांतून शिकलेलीं माणसें आणिलीं. तीं माणसें कर्तबगार होतीं. पण मोठ्या जागा परक्यांच्या हातीं जातात, ही स्थानिकांची कुरकुर तेव्हांपासून वाढत गेली. तीस उत्तर म्हणून मुलकींस प्राधान्य देण्याचे नियम झाले, आणि १९१९च्या फर्मानानें त्यांस ठाम रूप आलें. निजामाच्या खास मंजुरीवांचून कोणीही गैरमुलकी, वरिष्ठ असो वा कनिष्ठ, सरकारी नोकरींत घेऊं नये, हें त्यांतील मुख्य सूत्र. ज्या संस्थानांत शिकलेल्या माणसास सरकारी नोकरीवांचून फारसा आधार नव्हता, तेथें मुलकी असणें नसणें म्हणजे पुढच्या पिढीची भाकर असणें नसणें होतें.

मुलकी कोणास म्हणावें? नियमांनीं त्यास वाटा घालून दिल्या होत्या. जन्मानें संस्थानचा प्रजाजन असेल तो मुलकी. आणि जन्मानें प्रजाजन कोण, तर ज्याच्या जन्मसमयीं त्याचा बाप मुलकी होता तो. ज्याच्या जन्मसमयीं बाप सरकारी नोकरींत असून त्याची पंधरा वर्षें नोकरी झालेली होती, तोही मुलकी. निदान पंधरा वर्षें संस्थानांत कायम वास्तव्य करून, मूळ ठिकाणीं परत जाण्याचा विचार आपण सोडला आहे, असें प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटपुढें जो करील तोही मुलकी. आणि शेवटीं, मुलकी पुरुषाची बायको ती मुलकी.

ह्या वाटा नीट न्याहाळल्या तर एक गोष्ट दिसून येते. जन्माच्या वाटेवर बाप उभा आहे, नोकरीच्या वाटेवरही बाप, आणि विवाहाच्या वाटेवर नवरा. आईचें नांव कोठेंच नाहीं. वास्तव्याची वाट तेवढी शब्दांनीं कोणासही मोकळी. पण नव्यानें आलेल्या कुटुंबांत वर्षें मोजली जावयाचीं तीं कुटुंबप्रमुखाचीं, आणि प्रतिज्ञापत्र करावयाचें तेंही त्यानेंच. नवऱ्याचें घर तेंच बायकोचें घर, हें त्या काळीं गृहीतच होतें.

ह्याचा परिणाम ध्यानीं यावा म्हणून तीन प्रसंग कल्पूं. पहिला: बार्शीची मुलगी धाराशिवच्या मुलकी घरांत पडली. लग्नाबरोबर ती मुलकी झाली; तिला पंधरा वर्षें थांबावें लागलें नाहीं. हें औदार्य खरें. परंतु तिचें मुलकीपण उभें आहे तें ‘बायको’ ह्या एका शब्दावर. नवऱ्यानें रीतसर काडीमोड किंवा तलाक दिला, तर त्या शब्दाचा आधार तुटतो. उलट त्यानें तिला नुसतें टाकिलें आणि दुसरी केली, तर ती कागदावर बायकोच राहते. म्हणजे जिला मोकळें केलें तिचें मुलकीपण धोक्यांत, आणि जिला वाऱ्यावर सोडलें तिचें शाबूत! तिच्या ताटांत भाकर नाहीं, पण दफ्तरांत ती मुलकी आहे.

दुसरा प्रसंग: सोलापूरकडून एक कारकून बायकामुलांसह तुळजापुरास आला. अकराव्या वर्षीं नवराबायकोचें बिनसलें. तो परत गेला, ती मुलांसह तेथेंच राहिली. पंधरा वर्षांची अट त्याच्याकडून पुरी झाली नाहीं. तेथें जन्मलेल्या मुलांचा बाप त्यांच्या जन्मसमयीं मुलकी नव्हता. म्हणून तुळजापुरांत जन्मून, तेथल्या शाळेंत शिकूनही तीं जन्मानें प्रजाजन नव्हेत. आईचीं अकरा वर्षें त्यांच्या खातीं जमा होण्यास नियमांत जागाच नाहीं.

तिसरा प्रसंग आम्हांस सर्वांत बोचक वाटतो. धाराशिवची मुलकी घरची लेक सोलापुरास दिली. दोन वर्षांनीं तिला टाकिलें; ती पोटांतल्या पोरासह माहेरीं आली. आमच्या समाजांत टाकलेल्या बाईस माहेरावांचून दुसरा थारा कोणता होता? मूल आजोळीं जन्मलें, आजोबाच्या मांडीवर वाढलें. आजोबा मुलकी, मामा मुलकी. पण नियम विचारतो तो बाप कोण हें. बाप गैरमुलकी, सबब मूलही जन्मानें परकें. ज्या बापानें त्याचें तोंडही पाहिलें नसेल, त्याच्या नांवानें त्याचा मुलूख ठरावयाचा.

ही केवळ निजामशाहीची लहर होती, असें म्हणून सुटतां येणार नाहीं. त्या काळीं सुधारलेल्या म्हणविणाऱ्या राष्ट्रांचा कायदा ह्याच पायावर उभा होता. १९१४च्या ब्रिटिश कायद्यानें इंग्रज स्त्री परकीयाशीं विवाह करितांच परकी होत असे. आणि नवरा मेला किंवा घटस्फोट झाला तरी तेवढ्यावरून तिला आपली प्रजा म्हणून परत घेतलें जात नसे. त्याच कायद्यानें, विवाहामुळें ब्रिटिश झालेल्या परकी स्त्रीचा हक्क मात्र घटस्फोटानें आपोआप जात नसे. विवाहानें जें दिलें तें विवाह मोडल्यावर काढून घ्यावयाचें नाहीं, हा ह्या दुसऱ्या कलमाचा न्याय आम्हांस लक्षांत ठेवण्याजोगा वाटतो.

कायम वास्तव्यस्थानाचा, म्हणजे कायद्याच्या भाषेंत अधिवासाचा, नियमही तसाच. पत्नीचा अधिवास पतीच्या मागें जातो, हें आमच्याकडील १८६५च्या व पुढें १९२५च्या वारसा कायद्यांत स्पष्ट लिहिलें आहे. मात्र तेथें एक अपवाद आहे: न्यायालयाच्या निकालानें दोघें विभक्त झालीं असतील, तर पत्नीचा अधिवास पतीच्या मागें जात नाहीं. हा अपवाद किती पुढारलेला होता, हें प्रिव्ही कौन्सिलच्या १९२६च्या एका निकालावरून कळतें. कानडांतील आल्बर्टा प्रांताच्या त्या दाव्यांत असें ठरलें कीं, विभक्त राहण्याचा हुकूम मिळालेल्या स्त्रीसही, विवाह कायम असेतोंवर, निराळा अधिवास नाहीं. इंग्लंडांत हें बंधन सुटलें तें १९७३च्या कायद्यानें. पण आमच्या वारसा कायद्यांतील अधिवासाचा तो भाग हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख व जैन ह्यांस लागू नव्हता. म्हणजे तो उदार अपवाद धाराशिवच्या किंवा बार्शीच्या बहुतेक बायकांच्या उपयोगाचा नव्हता.

शिवाय विभक्त होण्याचा मार्ग तरी सर्वत्र एक होता काय? बडोदें संस्थानानें हिंदूंस घटस्फोटाचा कायदा १९३१ सालीं दिला. मुंबई इलाख्यांत तो १९४७ सालीं आला. तेव्हां बार्शींत जो उपाय मिळूं लागला, तो काहीं कोसांवरील निजामी मुलखांत नव्हता. सर्व हिंदूंस एक विवाहकायदा मिळाला तो १९५५ सालीं. तोंपर्यंत कित्येक जातींत फारकतीची रूढि होती, मुसलमानांत तलाक होता, आणि उच्च म्हणविणाऱ्या वर्णांत फक्त ‘टाकणें’ होतें, ज्याचा कागद कोठेंच होत नसे. ज्या व्यवस्थेंत हक्क कागदावर ठरतात, तींत ज्या दुःखाचा कागद नाहीं तें दुःख मोजलेंच जात नाहीं.

मुलकी नियमांच्या बाजूनेंही कांहीं बोलतां येईल, आणि तें बोललें पाहिजे. स्थानिकांच्या पोटावर पाय येऊं नये हा त्यांचा हेतु गैर नव्हता. कुटुंबाचें एकच नागरिकत्व असावें, बायको एका राज्याची व नवरा दुसऱ्याचा अशी ओढाताण नसावी, हाही विचार समंजसपणाचा आहे. परंतु कुटुंब एक असतांना जी सोय, ती कुटुंब दुभंगल्यावर शिक्षा होते. सोईचा नियम करणारानें दुभंगाचा प्रसंग आधींच डोळ्यांपुढें ठेविला पाहिजे. कारण त्या वेळीं भार पडतो तो नेहमीं दुबळ्यावर.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौजा संस्थानांत शिरल्या व नळदुर्ग पहिल्याच दिवशीं त्यांच्या हातीं आलें. पांच दिवसांत निजामशाही नमली. १९५०च्या राज्यघटनेनें संस्थानच्या प्रजाजनाचा भारताचा नागरिक केला. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. तेलंगणांत मात्र मुलकीचा वाद धुमसत राहिला. १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ते नियम वैध ठरविले, त्यावरून आंध्रांत मोठें आंदोलन पेटलें, आणि १९७३ सालीं संसदेनें ते कायमचे रद्द केले.

नियम गेले, त्यांमागील दृष्टि गेली काय? १९५५ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें एका विवाहित स्त्रीचें प्रकरण आलें. ती १९४८ सालीं कराचीस गेली होती, पति भारतांतच होता. पतीचा अधिवास तोच आपला, म्हणून आपण भारतीयच, असें तिचें म्हणणें. न्यायालयानें तें मानलें नाहीं. तिनें स्वतः देशांतर केलें हें निर्णायक ठरलें. घटनेच्या शब्दांप्रमाणें निकाल बरोबर असेल. पण पाहण्यासारखें हें कीं, स्त्रीचें स्वतंत्र पाऊल कायद्यास दिसलें तें तिच्या विरुद्ध जात असतां. परदेशांत जन्मलेल्या मुलास आईच्या नात्यानें भारताचें नागरिकत्व मिळूं लागण्यास १९९२ साल उजाडावें लागलें.

आज आमचीं मराठी कुटुंबें समुद्रापार जातात, आणि तोच जुना प्रश्न त्यांस तेथें भेटतो. अमेरिकेंत नवऱ्याच्या नोकरीच्या परवान्यावर गेलेल्या पत्नीचा राहण्याचा आधार घटस्फोटाबरोबर संपतो. तेथील नागरिकाशीं नुकताच विवाह झाला असल्यास, १९८६च्या कायद्याप्रमाणें कायम वास्तव्याचा हक्क प्रथम दोन वर्षांपुरता सशर्त मिळतो, आणि अट काढण्याचा अर्ज दोघांनीं मिळून करावयाचा असतो. विवाह मोडला असेल किंवा छळ झाला असेल, तर विवाह प्रामाणिकपणें केला होता हें दाखवून एकटीनें अर्ज करण्याची सवड तेथें ठेविली आहे. ती सवड म्हणजे फार मोठी उदारता नव्हे. परंतु तुळजापुरांत मागें राहिलेल्या आमच्या कल्पित कारकुनाच्या बायकोस तेवढीही नव्हती.

वास्तव्य ही कोणी कोणास देण्याची वस्तु नव्हे. तें दररोज पाणी भरून, चूल पेटवून, मुलांस शाळेंत घालून, शेजाऱ्यांच्या सुखदुःखांत उभें राहून करावयाचें असतें. आणि ह्या कामाचा मोठा वांटा घराघरांतून स्त्रियाच उचलीत आल्या आहेत. म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, वर्षें मोजावयाचींच असतील, तर जो राहिला त्याच्या आणि जी राहिली तिच्या नांवें तीं निरनिराळीं मोजावीं, व आईचें मुलकीपण मुलास बापाइतकेंच पोहोंचावें. असें झालें तर संसार मोडल्याचें दुःख टळणार नाहीं. पण त्या दुःखाबरोबर मुलूखही गमावण्याची पाळी कोणावर येणार नाहीं.