मूत्रपात्रांतील भविष्य

मध्ययुगीन युरोपांत वैद्याची खूण म्हणजे त्याच्या हातांतील कांचेचें मूत्रपात्र. तें उजेडासमोर धरून मूत्राचा रंग, गढूळपणा व तळचा गाळ पाहून तो निदान करी. पुढें पुढें तर रोगी दृष्टीसही न पडतां, निरोप्यानें आणलेल्या बाटलीवरूनच भविष्य सांगण्याची प्रथा पडली. थॉमस ब्रायन या इंग्रज वैद्यानें १६३७ सालीं ग्रंथ लिहून या मूत्र-ज्योतिष्यांची टर उडविली.

विज्ञानयुगांत हें ज्योतिष लोपलें. बाटलीवरील भाबडा विश्वास मात्र लोपला नाहीं. बोस्टन येथील एडवर्ड कास यांनीं १९५६ सालीं जंतुगणनेचें माप घालून दिलें. एका मिलिलिटर मूत्रांत १,००,००० वा अधिक जंतु आढळल्यास ते नमुना घेतांना बाहेरून मिसळलेले नसावेत, असें त्यांनीं ठरविलें. त्याच सुमारास साखर दाखविणारी कागदी पट्टी निघाली. पुढें जंतूंची व पांढऱ्या पेशींची चाहूल देणाऱ्या पट्ट्याही आल्या. परीक्षा दोन मिनिटांचें काम झाली.

परंतु मूत्रांत जंतु असणें म्हणजे रोग असणें नव्हे. शुश्रूषागृहांत राहणाऱ्या वृद्ध स्त्रियांपैकीं शेंकडा २५ ते ५० जणींच्या मूत्रांत कसलीही पीडा नसतां जंतु सांपडतात. कॅनडांत १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत अशा स्त्रियांना प्रतिजैविकें देऊन पाहिलीं. त्यांचें आयुष्य वाढलें नाहीं. उलट औषधांचे दुष्परिणाम व औषधांना दाद न देणारे जंतु मात्र वाढले.

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागांत या भेदाची खरी कसोटी लागते. पडलेली किंवा भ्रमिष्टासारखी बोलणारी वृद्धा तेथें येते. तिला आपली व्यथा सांगतां येत नाहीं. वैद्यांना घाई असते. पट्टी रंग पालटते, प्रतिजैविक सुरू होतें आणि निदान झाल्याचें समाधान सर्वांना मिळतें. मग शरीरांतील पाण्याची तूट, एखाद्या औषधाचा दुष्परिणाम किंवा डोक्याला बसलेला मार, हें भ्रमाचें खरें कारण शोधावयाचें राहून जातें. म्हणूनच अमेरिकेंतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१९ सालीं सल्ला दिला कीं, लघवीची पीडा, ताप वा गंभीर संसर्गाची अन्य चिन्हें नसल्यास, अशा भ्रमिष्ट वृद्धांना लगेच प्रतिजैविक न देतां इतर कारणें शोधावीं व रोग्यावर बारकाईनें लक्ष ठेवावें.

उपाय कधीं कधीं अगदीं साधा असतो. टोरोंटो येथील एका रुग्णालयानें दाखल झालेल्या रोग्यांच्या मूत्र-जंतुपरीक्षेचे निकाल आपण होऊन कळविणें थांबविलें. संसर्गाची खरी शंका असल्यास वैद्यानें प्रयोगशाळेला विचारावें, एवढाच निरोप ठेवला. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या या लहानशा प्रयोगांत, पीडा नसतांना जंतूंसाठीं औषध मिळण्याचें प्रमाण शेंकडा ४८ वरून १२ वर आलें. अनावश्यक परीक्षाच झाली नाहीं, तर तिच्या मागोमाग येणारें औषधही टळतें.

गर्भवती स्त्रिया आणि मूत्रमार्गावरील कांहीं शस्त्रक्रिया यांचे अपवाद आहेत. तेथें पीडा नसतांही जंतूंवर औषध द्यावें लागतें. एरवीं लघवीची जळजळ, वारंवार होणारी शंका, कुशींतील वेदना, थंडी वाजून येणारा ताप, हें आधीं विचारावें, बाटली मागाहून. तातडीच्या विभागांत आजारी वडीलधाऱ्या माणसाबरोबर जाणाऱ्या आप्तांनींही परीक्षेचा आग्रह धरण्यापूर्वीं हीं लक्षणें नीट सांगावीं. ब्रायनचा आक्षेप मूत्रावर नव्हता. रोग्याकडे पाठ फिरवून पात्राकडे पाहणाऱ्या वैद्यावर होता.