लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी

पाडांगवर क्रिकेट पाहणाऱ्या आपल्या मुलांना गावसकर, तेंडुलकर ठाऊक असतात. त्यांच्या आधीच्या एका मराठी सैनिक-खेळाडूची ही ओळख.

जन्म पुणे, ३१ जुलै १९१९. रणजी पदार्पण १९३६-३७ च्या मोसमात. पण दुसरे महायुद्ध आणि लष्कराची नोकरी यांत उमेदीची वर्षे गेली. पहिली कसोटी मिळाली ती १९४७ मध्ये ब्रिस्बेनला, वयाच्या २८ व्या वर्षी. पुढच्याच वर्षी दिल्लीत वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद ११४. १९५९ मध्ये दिल्लीतच, मालिकेतले चौथे कर्णधार म्हणून ६३ आणि ४० धावा, शिवाय लेगस्पिनवर ३ बळी.

एकूण २१ कसोटी, ८७२ धावा. १९७१ च्या इंग्लंडमधील मालिकाविजयात ते संघाचे व्यवस्थापक होते. निधन २००३, मुंबई.

मुलांना हे आकडे सांगताना युद्धात गेलेली वर्षेही जरूर सांगा.