आईची अडगळ, कलादालन आणि प्लास्टिकचा एक छोटा इतिहास

थ्रेड

१/ २००५ साली बीजिंगमधील एका कलादालनाच्या जमिनीवर दहा हजारांहून अधिक वस्तू मांडण्यात आल्या. पिळून सपाट झालेल्या टूथपेस्टच्या नळ्या, पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या, पिशव्या, झाकणे, जुनी घमेली, झिजलेली पादत्राणे, पाय तुटलेल्या बाहुल्या. हा सगळा संसार एकाच व्यक्तीचा होता. ती व्यक्ती म्हणजे कलावंताची आई.

२/ कलावंताचे नाव सोंग डोंग, जन्म १९६६, बीजिंग. मराठी कानाला या नावात 'सोंगढोंग' ऐकू येणे स्वाभाविक आहे; त्यांच्या या कामात मात्र दोन्ही नाहीत. प्रदर्शनाचे नाव होते 'वू जिन छी योंग'. वस्तूचा शेवटचा उपयोग संपेपर्यंत ती वापरावी, असा या चिनी म्हणीचा आशय. पाश्चात्त्य जगात हे काम 'वेस्ट नॉट' या नावाने ओळखले जाते.

३/ कलादालनात कचरा येण्याची ही पहिली वेळ नव्हती. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत कुर्ट श्विटर्स यांनी ट्रामची तिकिटे, वेष्टने आणि कागदाचे कपटे चिकटवून चित्रे केली. १९१९ पासून त्यांनी या प्रकाराला 'मेर्झ' असे नाव दिले. परंतु त्यांचा कचरा रस्त्यावरचा, शहराचा. एखाद्या माणसाचा खाजगी कचरा हेच त्याचे चरित्र, हा विचार पुढे आला तो चाळीस वर्षांनी, फ्रान्समध्ये.

४/ आर्मां हे मूळचे नीस शहराचे. वडिलांचा व्यवसाय जुन्या वस्तूंच्या विक्रीचा. १९५९ पासून त्यांनी काचेच्या पेट्यांमध्ये केराच्या डब्यातील ऐवज जसाच्या तसा ओतून ठेवण्यास सुरुवात केली. मालिकेचे नाव 'पूबेल', म्हणजे सरळ 'कचरापेटी'. पुढच्याच वर्षी त्यांनी ओळखीच्या माणसांची 'व्यक्तिचित्रे' त्यांच्या फेकलेल्या आणि वापरलेल्या वस्तूंमधून केली. त्यात चेहरा नसे. चित्रकार ईव्ह क्लैं आणि कलादालनाच्या मालकीण ईरिस क्लेर यांची अशी व्यक्तिचित्रे आजही प्रसिद्ध आहेत.

५/ ऑक्टोबर १९६० मध्ये पॅरिसमधील याच ईरिस क्लेर यांचे दालन आर्मां यांनी भंगाराने इतके भरून टाकले की प्रेक्षकांना आत पाऊल ठेवता येईना. बाहेरून काचेतूनच पाहावे लागले. निमंत्रणपत्रिका सार्डिन माशांच्या डब्यातून धाडण्यात आली होती. दोन वर्षांपूर्वी क्लैं यांनी हेच दालन संपूर्ण रिकामे ठेवून 'रिक्तता' म्हणून प्रदर्शित केले होते. आर्मां यांनी त्याला 'पूर्णता' असे उत्तर दिले. कल्पना चमकदार खरी. पण तिच्यात विनोद अधिक आणि वेदना कमी, असेच म्हणावे लागते.

६/ आर्मां यांच्या त्या सुरुवातीच्या पेट्या आज पाहताना एक गोष्ट जाणवते: त्या काळाच्या कचऱ्यावर प्लास्टिकचे राज्य अजून आलेले नव्हते. ते येऊ घातले होते. १ ऑगस्ट १९५५ च्या अंकात अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाने एक छायाचित्र छापले. त्यात एक हसरे कुटुंब ताटल्या, पेले आणि इतर वस्तू हवेत उधळत आहे. या वस्तू धुवायला चाळीस तास लागले असते, पण आता त्या वापरून फेकून द्यायच्या आहेत, अशी ती आनंदवार्ता होती. 'वापरा आणि फेका' ही जीवनशैली तेव्हा गृहिणीची मुक्तता म्हणून विकली गेली.

७/ पुढचे टप्पे झपाट्याने आले. आज सर्वपरिचित असलेल्या, बंदांसह एकसंध प्लास्टिक पिशवीचे अमेरिकन पेटंट स्वीडनच्या 'सेलोप्लास्ट' कंपनीला १९६५ मध्ये मिळाले. शीतपेयांच्या पेट बाटलीचे पेटंट १९७३ चे. १९७० च्या सुमारास आर्मां न्यूयॉर्कमध्ये ओला कचराही कलाकृतीत वापरू लागले. तो कुजू नये म्हणून त्यांनी तो पॉलिएस्टर रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकमध्येच, गोठवला.

८/ नेमक्या याच काळात चीनमधील घरांत उलटे चक्र फिरत होते. तिथे टाकून देण्यासारखे काही नव्हतेच. कापडाची कुपने १९५४ मध्ये सुरू झाली आणि १९८३ च्या अखेरीस बंद झाली, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे. धान्य, तेल, साबण असे सारे मोजून मिळे. १९५९ ते १९६१ या दुष्काळाने कोट्यवधींचे बळी घेतले. अशा काळात काटकसर हा सद्गुण उरत नाही. ती जगण्याची एकमेव रीत होते.

९/ झाओ शियांगयुआन यांचा, म्हणजे सोंग डोंग यांच्या आईचा, जन्म १९३८ सालचा. घराणे संपन्न होते. वडील कुओमिन्तांगच्या बाजूचे अधिकारी. क्रांतीनंतर ते तुरुंगात गेले आणि कुटुंब दारिद्र्यात कोसळले. लग्नानंतर सांस्कृतिक क्रांतीचा फेरा आला आणि पतीलाही पुनर्शिक्षणासाठी घरापासून दूर जावे लागले. घर चालवले ते या बाईंनी. कापडाचा तुकडा, दोरा, रिकामी बाटली, खोका यांपैकी काहीही त्यांच्या हातून सुटले नाही.

१०/ त्या घरातील वडिलांचीही एक आठवण सांगण्यासारखी आहे. मुलाला सुलेखनाचा सराव हवा, पण कागद आणि शाई परवडणारी नव्हती. वडिलांनी त्याला दगडावर पाण्याने लिहायला सांगितले. पुढे १९९५ पासून सोंग डोंग यांनी दगडावर पाण्याने दैनंदिनी लिहिण्याचा उपक्रम सुरू केला. लिहिलेले वाळून जाते, मागे काहीच उरत नाही. मुलगा मागे काहीही न ठेवणारी कला करत होता आणि आई काहीही टाकत नव्हती!

११/ आईच्या साठ्यात साबणाच्या वड्या होत्या. शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या साबणातून वाचवून, मुलांना पुढे कमी पडू नये म्हणून त्यांनी त्या जपल्या होत्या. त्यांतील काही मुलाच्या वयाहून जुन्या, दगडासारख्या कडक झालेल्या. मुलाच्या लग्नात आईने त्या भेट म्हणून पुढे केल्या. घरात कपडे धुण्याचे यंत्र आहे, साबण लागत नाही, असे सांगून मुलाने ती भेट नाकारली. आईने त्या वड्या पुन्हा जागेवर ठेवून दिल्या. त्या तशाच जपलेल्या आहेत हे मुलाला कितीतरी वर्षांनी कळले.

१२/ २००२ मध्ये वडिलांचे हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. त्यानंतर आईच्या साठवणीने वेगळेच रूप घेतले. टेबल, पलंग, जमीन, सगळीकडे वस्तूंचे थर चढू लागले. सोंग डोंग आणि त्यांची बहीण सोंग हुई यांनी घर आवरण्याचा प्रयत्न केला की आई संतापे. घरात टोकाचे वाद होऊ लागले. पतीच्या जाण्याने जी जागा रिती झाली होती ती आई वस्तूंनी भरते आहे, हे मुलांच्या हळूहळू ध्यानात आले.

१३/ येथे एक बारकावा लक्षात घ्यायला हवा. टंचाईच्या काळात घडलेली सवय आता सुबत्तेच्या काळात चालू होती. १९९० नंतर चीनमध्ये पिशव्या, बाटल्या आणि खाद्यपदार्थांचे फोमचे डबे यांचा महापूर आला. अशा कचऱ्याला तिथे 'पांढरे प्रदूषण' हे नावच पडले. कापडाचा तुकडा जपणाऱ्या हाताने आता रोज घरात येणारी बाटलीही जपायला घेतली. वर्षाला मोजके वार कापड मिळणाऱ्या घरासाठी जो नियम शहाणपणाचा होता, तोच नियम प्लास्टिकला लावल्यावर घरात चालायला वाट उरेना. श्रीखंडाचा रिकामा डबा टाकणे ज्या घरांत आजही जिवावर येते, त्यांना हे फार समजावून सांगावे लागणार नाही.

१४/ सोंग डोंग यांनी शेवटी आवरण्याचा नाद सोडला आणि आईला सहकारी कलावंत केले. कलेतिहासकार वू हुंग यांच्या संयोजनाखाली हे प्रदर्शन 'बीजिंग टोकियो आर्ट प्रोजेक्ट्स' या दालनात भरले. हे दालन '७९८' या कलावस्तीत होते. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीच्या मदतीने उभारलेल्या एका कारखान्याच्या आवारात ही वस्ती वसलेली आहे. समाजवादी उत्पादनाच्या स्वप्नासाठी बांधलेल्या इमारतींमध्ये आता त्याच काळातील टंचाईचा ऐवज मांडला गेला.

१५/ मांडणीत कलात्मक चमत्कृती फारशी नव्हती. आईच्या जुन्या घराचा लाकडी सांगाडा आणि त्याभोवती जातीजातीने लावलेल्या वस्तू: बाटल्यांजवळ बाटल्या, झाकणांजवळ झाकणे, चपलांजवळ चपला. वर निऑन दिव्यांनी वडिलांना उद्देशून एक वाक्य लिहिले होते. आई आणि आम्ही सगळे बरे आहोत, काळजी करू नका, अशा आशयाचे.

१६/ झाओबाई स्वतः प्रदर्शनात बसत, वस्तू लावत, येणाऱ्यांशी बोलत. त्यांच्या वयाच्या स्त्रिया येऊन आपल्याही घरी हेच आहे असे सांगत. घरात कोंडून राहिलेली दुःखी विधवा पुन्हा चार माणसांत आली. जपून ठेवलेले अखेर उपयोगी पडले, अशी त्यांची भावना होती. त्यांच्या वस्तूंचा खरोखरच शेवटचा उपयोग झाला होता. हे काम २००६ च्या ग्वांगजू द्वैवार्षिकीत गौरवले गेले, पण त्या पुरस्कारापेक्षा आईचे हे परतणे मोठे मानावे लागेल.

१७/ जानेवारी २००९ मध्ये, झाडावर अडकलेल्या एका जखमी पक्ष्याला वाचवायला शिडीवर चढल्या असता पडून झाओबाईंचा मृत्यू झाला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे 'मोमा'मध्ये, 'वेस्ट नॉट' मांडले गेले ते त्यांच्याविना. तेव्हापासून मांडणीचे काम सोंग डोंग, बहीण सोंग हुई आणि पत्नी यिन शिउझेन मिळून करत आले. यिन शिउझेन स्वतःही नामवंत कलावंत आहेत. २०१२ मध्ये लंडनच्या बार्बिकन केंद्रात आणि २०१३ मध्ये सिडनीत असेच खोके उघडले गेले.

१८/ लंडनमधील त्या प्रदर्शनानंतर पाचच वर्षांनी, इंग्लंडच्याच मार्गेट या किनारपट्टीच्या गावात डॅनियल वेब नावाच्या गृहस्थाने एक निश्चय केला. २०१७ हे संपूर्ण वर्ष आपल्या हातून निघणारे प्लास्टिक फेकायचे नाही, साठवायचे. वर्षअखेरीस कचऱ्याच्या बावीस पिशव्या भरल्या. मोजदाद झाली: ४,४९० वस्तू. त्यांपैकी सुमारे ९३ टक्के एकदाच वापरून टाकायच्या वेष्टनाच्या. त्यांचे भव्य भित्तिचित्र करून मार्गेटच्या 'ड्रीमलँड' या करमणूक उद्यानात २०१८ मध्ये लावण्यात आले.

१९/ दोन्ही संग्रह शेजारी ठेवून पाहावेत. एका बाजूला अर्ध्या शतकाच्या संसारात जमलेल्या दहा हजार वस्तू, कापड, लाकूड आणि भांड्यांसकट. दुसऱ्या बाजूला एका माणसाचे एका वर्षाचे नुसते प्लास्टिक, आणि तेच तिच्या जवळजवळ निम्मे! झाओबाईंना प्रत्येक वस्तूचा पुढचा उपयोग ठाऊक होता, निदान त्या तो कल्पू शकत होत्या. वेब यांच्या भिंतीवरील बहुतेक वस्तूंचे आयुष्य दुकान ते स्वयंपाकघर एवढेच. आपल्याकडे शाळेच्या हस्तकलेत 'टाकाऊतून टिकाऊ' शिकवतात. इथे तर टाकाऊ तेच सर्वाधिक टिकाऊ निघाले.

२०/ वेब यांनी निवडलेले वर्षही, बहुधा योगायोगाने, ऐतिहासिक ठरले. ब्रिटन, युरोप, अमेरिका येथील प्लास्टिक कचरा 'पुनर्वापरासाठी' म्हणून वर्षानुवर्षे जहाजांतून जात होता तो मुख्यतः चीनकडे. १९९२ पासून जगाने आयात केलेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी सुमारे ४५ टक्के एकट्या चीनने घेतला होता. १ जानेवारी २०१८ पासून चीनने बहुतांश प्लास्टिक कचऱ्याची आयात थांबवली. युरोप-अमेरिकेतील गठ्ठे मग मलेशिया, व्हिएतनाम, थायलंड यांच्या बंदरांकडे वळले आणि त्या देशांनाही लवकरच निर्बंध घालावे लागले.

२१/ स्वतःच्या पिशव्यांबाबत चीनने याआधीच पाऊल उचलले होते. १ जून २००८ पासून दुकानांतून फुकट प्लास्टिक पिशवी देण्यास तिथे मनाई झाली आणि अतिपातळ पिशव्यांच्या उत्पादनावर बंदी आली. झाओबाई तेव्हा हयात होत्या. त्यांच्या संग्रहातील पिशव्या त्याआधीच, २००५ सालीच, कलाकृतीचा भाग झालेल्या होत्या.