तिकिटावरची यात्रा

पोस्टाचं तिकीट आपण पाकिटावर चिकटवतो नि विसरून जातो. पण १ डिसेंबर १९७९ रोजी चीनच्या टपाल खात्यानं काढलेली आठ तिकिटं निरखून पाहण्याजोगी आहेत.

त्यांतली गोष्ट आपल्याला परकी नाही. सातव्या शतकात ह्युएन त्संग हा चिनी भिक्षू बौद्ध ग्रंथांसाठी भारतात आला. पुलकेशीच्या महाराष्ट्राचं वर्णनही त्यानं लिहून ठेवलं. इ. स. ६४५ मध्ये तो पोथ्या घेऊन मायदेशी परतला. पुढं कथेकऱ्यांनी त्या प्रवासाला तिखटमीठ लावलं, भिक्षूच्या सोबतीला सुन वुकाँग नावाचं अचाट माकड दिलं, आणि सोळाव्या शतकात ‘पश्चिमेची यात्रा’ ही कादंबरी झाली. यातली पश्चिम म्हणजे आपलाच देश, बरं का!

तिकिटांवर हे माकड धबधब्याआडच्या गुहेत दिसतं, स्वर्गातल्या बागेत दिसतं, हाडांच्या राक्षसिणीशी झुंजतानाही दिसतं.

आता साल लक्षात घ्या. १९६६ पासून सांस्कृतिक क्रांतीत तिथं मंदिरं फुटली, जुने ग्रंथ जळाले. बंडखोर माकड माओंनाही आवडे. पण देव, भिक्षू आणि पोथ्या यांना थारा नव्हता. १९७६ मध्ये ते पर्व संपलं. नंतर तीनच वर्षांनी आठव्या तिकिटावर भिक्षू आपल्या शिष्यांसह पुन्हा वाटेला लागला, तोही सरकारी छापानिशी!

पोथी जाळता येते. पण लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट कशी जाळणार?