वकिलातीच्या खिडकीपुढचा कामगार

व्हिसा या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ अगदी साधा आहे : ‘पाहिलेले’. कागद पाहिला, पसंत पडला, त्यावर तशी खूण केली, एवढेच. परंतु तो कागद कोणी पाहायचा, कोठे पाहायचा आणि पाहताना प्रवाशाला काय विचारायचे, या प्रश्नांची उत्तरे गेल्या दीडशे वर्षांत वारंवार बदलत गेली आहेत. २०२२ च्या डिसेंबरात स्पेनने एक कायदा करून त्यांत आणखी एका उत्तराची भर घातली. दूर देशातील कचेरीचे काम संगणकावर करून पगार मिळविणाऱ्या माणसासाठी स्पेनने निराळा व्हिसा काढला. आमच्या पुण्या-मुंबईची मुलेही आता त्याची चौकशी करू लागली आहेत. म्हणून या नव्या कागदाची वंशावळ पाहणे आम्हाला अगत्याचे वाटते.

प्रवासाचा परवाना ही गोष्ट आपणांस नवी नाही. पेशवाईत दस्तक होते. त्याआधी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात कार्ताझ नावाचा परवाना जहाजांवर लादला होता. तो जवळ नसेल तर जहाज खुशाल लुटले जाई. परंतु या कागदांचा रोख माल, जकात आणि वाटेची सुरक्षितता यांवर होता. ‘आमच्या गावी येऊन तू पोट कसे भरणार?’ हा प्रश्न दस्तकात नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तर पश्चिम युरोपातील बहुतेक देशांत पासपोर्टाची सक्ती जवळजवळ नाहीशी झाली होती. रशिया आणि तुर्कस्तान तेवढे ती धरून होते. वाणिज्यदूत, ज्याला आपण कॉन्सल म्हणतो, तो त्या काळी नावाप्रमाणे व्यापाराचाच माणूस होता. जहाजांचे कागद तपासावे, खलाशांची भांडणे मिटवावी, परमुलखात मेलेल्या व्यापाऱ्याची मालमत्ता सांभाळावी, ही त्याची कामे.

तथापि हे स्वातंत्र्य कोणाचे होते, हे विसरून चालणार नाही. ते खिशात पैसा असलेल्या युरोपीय प्रवाशाचे होते. मजुराच्या हातातला कागद कधी सुटलाच नव्हता. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांसाठी हिंदी मजूर करारावर नेले जाऊ लागले. कलकत्ता आणि मद्रास यांप्रमाणे मुंबई बंदरातूनही ते गेले आणि त्यांत रत्नागिरीकडची कितीतरी मराठी माणसे होती. त्यांचे वंशज आज तेथे आहेत, गणेश चतुर्थीला त्या बेटावर सार्वजनिक सुट्टी असते. त्याच बेटावर १८६७ च्या कायद्याने, कराराची मुदत संपलेल्या हिंदी मजुराने आपले छायाचित्र लावलेले ओळखपत्र जवळ बाळगावे असा नियम झाला. युरोपात पासपोर्टावर छायाचित्र लावण्याची सक्ती पहिल्या महायुद्धात आली. म्हणजे ज्या वस्तूला आज आपण सुधारलेल्या राज्यकारभाराची खूण समजतो, तिचा प्रयोग जवळजवळ अर्धशतक आधी आपल्या कोकणी शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर होऊन गेला होता!

यानंतरचे प्रकरण कॅनडाचे. ते सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आजच्या व्हिसाची दोन मुख्य हत्यारे तेथे उघडी दिसतात. हिंदी माणूस त्या वेळी ब्रिटिश बादशहाचा प्रजाजन आणि कॅनडाही बादशहाचाच मुलूख. तेव्हा ‘हिंदी लोकांना मज्जाव’ असे उघड लिहिणे अडचणीचे होते. म्हणून १९०८ साली कॅनडा सरकारने युक्ती काढली. जो आपल्या मायदेशातून थेट तिकिटावर, मध्ये कोठे न थांबता येईल, त्यालाच उतरू देण्यात येईल! नियमात हिंदुस्थानचे नावही नव्हते. फक्त हिंदुस्थानातून तसे थेट तिकीट मिळण्याची सोय नव्हती. शिवाय आशियाई माणसाने उतरताना २०० डॉलर रोख दाखवावे, अशी अट होती. १९१४ च्या २३ मे रोजी ‘कोमागाटा मारू’ जहाज ३७६ प्रवाशांसह व्हँकुव्हरला पोचले. दोन महिने ते बंदरात अडकून पडले आणि मोजके लोक सोडून बाकीच्यांना घेऊन २३ जुलैला परत फिरले. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज येथे त्यांतील कित्येकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ‘प्रवासाची अट’ आणि ‘पैशाचा पुरावा’ अशी ही दोन हत्यारे. एका विशिष्ट देशाचे नाव न घेता त्या देशाच्या माणसाला थांबविण्याची सोय त्यांत आहे.

ते जहाज परत फिरले त्याच उन्हाळ्यात महायुद्ध पेटले. हेरांच्या धास्तीने सगळ्याच देशांनी सरहद्दीवर कागद मागायला सुरुवात केली. युद्ध संपल्यावर हे सारे जाईल अशी लोकांची समजूत होती. १९२० च्या ऑक्टोबरात राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद बोलावली. पूर्वीची मोकळीक पुन्हा यावी अशी आशा तिने व्यक्त केली आणि त्याच बैठकीत पासपोर्टाच्या पुस्तिकेचा ३२ पानी नमुना ठरवून दिला. आशा कागदावर राहिली आणि पुस्तिका मात्र जगभर छापली गेली. त्याच वर्षी हिंदुस्थानातही पासपोर्टाचा कायदा झाला. कॉन्सलचे रूप बदलले ते या काळात. बंदरात उतरल्यावर परत पाठविण्यापेक्षा निघण्यापूर्वीच, त्याच्याच गावी माणसाला अडविणे सरकारांना स्वस्त पडते. अशा रीतीने सरहद्द स्वतः चालत कॉन्सलच्या खिडकीपाशी आली. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने व्हिसा देणे हे कॉन्सलच्या कामांत रीतसर नमूद केले.

आता स्पेनकडे वळू. आज दुसऱ्यांची कागदपत्रे तपासणारा हा देश १९६० च्या दशकात स्वतः दुसऱ्यांच्या खिडक्यांपुढे उभा होता. १९६० च्या मार्चमध्ये स्पेन आणि पश्चिम जर्मनी यांच्यात मजूरभरतीचा करार झाला. जर्मन डॉक्टर स्पेनमध्ये येऊन उमेदवारांची प्रकृती तपासत आणि अंगाने धडधाकट असेल त्याला कारखान्याचा करारनामा मिळे. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडलाही असेच लोंढे गेले. त्या माणसाला विचारला जाणारा प्रश्न सरळ होता : तू आमच्याकडे येऊन काम करशील ना? हात हवे होते, म्हणून हात तपासले.

२०२० च्या महासाथीत प्रवासी येईनासे झाले. पर्यटनावर जगणाऱ्या देशांचा धंदा बसला आणि कचेऱ्यांचे काम घरोघर गेले. त्या वर्षी जुलैत बार्बाडोसने आणि ऑगस्टमध्ये एस्टोनियाने दूरस्थ कामगारांसाठी व्हिसे काढले. वर्ष संपण्यापूर्वी मॉरिशसनेही काढला. महिना निदान १५०० डॉलर उत्पन्न असावे आणि बेटावरील कोणाचीही नोकरी करू नये, ही त्याची अट. ज्या बेटाने आमच्या माणसांना फक्त राबण्यासाठी नेले, ते आता ‘या, राहा, पण येथे राबू नका’ असे म्हणते!

स्पेनचा प्रश्नही असाच उलटा झालेला आहे. अर्जदाराने आता ‘मी तुमच्याकडे काम करीन’ असे नव्हे, तर ‘माझे काम तुमच्याकडे नाही’ असे सिद्ध करायचे असते. परदेशी कंपनी निदान एक वर्ष चालू असावी, तिच्याशी अर्जदाराचा संबंध निदान तीन महिन्यांचा असावा आणि दूर राहून काम करण्यास तिची लेखी संमती असावी. पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव लागतो. स्वतंत्र व्यावसायिकाला स्पेनमधील कंपनीचे काम घेता येते, पण आपल्या एकूण कामाच्या २० टक्क्यांपर्यंतच. याखेरीज गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला लागतो. त्यावर १९६१ च्या हेग कराराप्रमाणे अपोस्टिल नावाचे प्रमाणपत्र घ्यायचे आणि मग स्पॅनिश भाषेत अधिकृत भाषांतर करून घ्यायचे. भारत या करारात २००५ साली सामील झाला. त्यापूर्वी एकेका कागदावर वकिलातीचा निराळा शिक्का मिळवावा लागे, तेवढा त्रास वाचला.

खरी मेख उत्पन्नाच्या अटीत आहे. स्पेनमधील किमान वेतनाच्या दुप्पट मिळकत दाखवावी लागते. २०२४ चा हिशेब धरला तर ही रक्कम महिना दोन लाख रुपयांच्या वर जाते. न्यूयॉर्कच्या सामान्य कारकुनाला ती अट जाणवणारही नाही. पुण्यातील हुशार अभियंता मात्र, त्याचा पगार भारतीय कंपनी रुपयांत देत असेल तर, बहुधा येथेच अडतो. कौशल्य तेच आणि दिवसाचे तासही तेवढेच, पण मोजपट्टी युरोची. दुसरा भेद याहून बारीक आहे. जो कायदेशीरपणे स्पेनमध्ये पोचलेला आहे, त्याला तेथल्या तेथे अर्ज करता येतो आणि त्याला तीन वर्षांपर्यंतचा परवाना मिळू शकतो. कॉन्सलकडून मिळणारा व्हिसा फार तर एक वर्षाचा. अमेरिकन माणूस नव्वद दिवसांसाठी व्हिसाशिवायच स्पेनमध्ये उतरतो. भारतीयाला तेथे उतरण्यासाठीही आधी व्हिसा लागतो. तेव्हा मुंबईतील स्पॅनिश वाणिज्य दूतावासाची खिडकी ज्याला मुळीच टाळता येत नाही तो कोण, हे सांगायला नको.

मात्र येथे आपण न्यायाने बोलले पाहिजे. १९०८ चा नियम हिंदी माणसाला रोखण्यासाठीच रचलेला होता. स्पेनचा कायदा तसा नाही. पैसा बाहेरून यावा आणि आपल्या लोकांच्या नोकऱ्यांना धक्का लागू नये, हा त्याचा हेतू आहे व तो रास्त आहे. परंतु हेतू निराळा असला तरी चाळणी तीच वापरली की खाली पडणारे दाणे पुष्कळदा तेच निघतात.

शेवटी म्हातारपणाच्या तरतुदीचा प्रश्न राहतो आणि आमच्या मते तोच सर्वांत कमी विचारला जातो. जर्मनीत गेलेल्या स्पॅनिश मजुराच्या पगारातून निवृत्तिवेतनाची वर्गणी कापली जाई. दोन सरकारांच्या करारामुळे ती वर्षे पुढे त्याच्या खात्यात धरली गेली. आजच्या दूरस्थ नोकरदाराला स्पेन विचारतो : तुझी वर्गणी कोठे भरली जाते? मायदेशाशी सामाजिक सुरक्षेचा करार असेल तर तेथील दाखला चालू शकतो, नसेल तर स्पेनमध्ये नोंदणी करण्याचा प्रसंग येतो. पोर्तुगालशी भारताचा असा करार २०१७ पासून लागू आहे. तेव्हा कचेरी हिंजवडीत आणि बिऱ्हाड व्हॅलेन्सियात, असा बेत करणाऱ्या मुलाने तिकीट काढण्यापूर्वी आपल्या भविष्यनिर्वाह निधीच्या कचेरीत एक खेप घालावी आणि परदेशात काढलेली वर्षे कोणत्या खात्यात धरली जाणार, हे लेखी विचारून घ्यावे.