टपाली भूमिकाखेळ

टपाली भूमिकाखेळ : खेळाडूंनी एकत्र न बसता लेखी मजकुरातून खेळायचा कथात्मक खेळ. प्रत्येक जण एका पात्राची कृती लिहितो. सूत्रधार तिचा परिणाम ठरवून पुढचा प्रसंग मांडतो. पत्रांनी खेळलेले बुद्धिबळ हा याचा जुना पूर्वज. जॉन बोर्डमन यांनी १९६३ मध्ये ‘डिप्लोमसी’ या पटावरील खेळाचा टपाली डाव सुरू केला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाखेळ १९७४ मध्ये आला आणि पुढे इंटरनेटवर टपाली डाव व भूमिकाखेळ हे दोन्ही प्रवाह मिसळले.

वर्धा–यवतमाळ रस्त्यावरील देवळीसारख्या कापसाच्या गावात हा प्रकार विशेष सोयीचा ठरावा. वेचणीच्या दिवसांत चार जणांची वेळ जुळत नाही, पण रात्री दहा ओळी लिहिता येतात. मात्र हाच सैलपणा खेळाला मारतो. बहुतेक डाव भांडणाने नव्हे, तर शांततेने संपतात : एक जण उत्तर देत नाही, बाकीचे त्याची वाट पाहतात.

म्हणून मुदत आधीच ठरवावी. दोन दिवसांत उत्तर न आल्यास सूत्रधाराने ते पात्र चालवावे. ‘दार बंद असेल तर खिडकीतून जाईन’ अशी सशर्त कृती लिहिल्यास एक फेरी वाचते. लढाईत क्रमाची वाट न पाहता सर्वांच्या चाली एकदम घ्याव्यात, फासेही सूत्रधारानेच टाकावेत. सर्वांत मोलाचे म्हणजे प्रत्येक मजकुराचा शेवट : तिथे दुसऱ्याला करण्याजोगे काहीतरी शिल्लक हवे.