दाखल नोंदवहीबाहेरची पुस्तके

१८८५ साली छापलेलं पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर उघडलं की तालुके आठ सापडतात. जुन्नर, खेड, मावळ, हवेली, पुरंदर, शिरूर, भीमथडी, इंदापूर. वेल्हे त्यात नाही. भोरही नाही. तोरणा, राजगड आणि त्यांच्या पायथ्याचा मुलूख तेव्हा पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता, आणि भोरची गणना साताऱ्याच्या जहागिरींत होई. संस्थानाचे तालुके होते विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. प्रचंडगड म्हणजे आमचा तोरणा. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झालं, सुधागड कुलाब्याकडे गेला आणि आम्ही पुणे जिल्ह्यात आलो. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आमच्या वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं. आमच्याकडे नव्वदीच्या आज्या आहेत. त्या जन्मल्या संस्थानात, मतदान केलं वेल्हे तालुक्यात आणि आता राहतात राजगड तालुक्यात. घर मात्र एकच, बदललेला फक्त पत्रा.

मी इथल्या एका लहान वाचनालयात ग्रंथपाल आहे. नासरापूर, मार्गासनीवरून एसटी वर येते तेव्हा पुण्याचं वर्तमानपत्र आमच्या टेबलावर येतं. कपाटांत कादंबऱ्या, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं, शिवचरित्रं, दिवाळी अंक. पावसाळा इथे कपाटाच्या आत शिरतो, त्यामुळे जूनपासून माझं निम्मं काम बुरशी आणि कसर यांच्याशीच. गडावर जाणारी मुलं पाणी प्यायला थांबतात आणि विचारतात, ‘मॅडम, इथल्या इतिहासाचं काही आहे का?’ गावातली माणसं वेगळं विचारतात. ‘ताई, आमच्या गावाचं नाव कुठल्या जुन्या बुकात हाय का?’ या दुसऱ्या प्रश्नाला बरीच वर्षं माझ्या कपाटात उत्तर नव्हतं. उत्तर लिहिलेलं होतं, छापलेलंही होतं, पण ते पुण्यात, साताऱ्यात, मुंबईत, लंडनमध्ये होतं. डोंगरातल्या मुलखाचं हे जुनंच दुखणं आहे. लिहितात त्याच्याबद्दल, ठेवतात दुसरीकडे.

पुस्तक डोंगरात कसं पोचवायचं याची खटपट जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं आणि फिरत्या वाचनालयांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. पेटी गावात यायची, वाचून झाली की पुढच्या गावाला जायची. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा, अंमल १ मे १९६८ पासून. अ, ब, क, ड असे वर्ग, त्यांवर ठरणारं अनुदान, दरवर्षीची तपासणी हे सगळं त्यातून आलं. कोलकत्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ मध्ये निघालं, त्याचेही संच आमच्यासारख्या वाचनालयांना मिळतात. पण पेटी असो वा संच, निवड वरून होते. वेल्ह्याला वेल्ह्याचं काय हवंय हे कोलकत्याला कसं कळणार?

या सगळ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे दाखल नोंदवही. पुस्तक आलं की शिक्का, क्रमांक, तारीख, लेखक, नाव, किंमत, कुणाकडून आलं. फाटलं, हरवलं, वाळवीने खाल्लं तर शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहायचं. तपासणीला साहेब येतात तेव्हा वहीतलं पुस्तक कपाटात आणि कपाटातलं वहीत दिसलं पाहिजे. मला ही वही आवडते. हिशेबाची वही असली तरी गावाने काय वाचलं याचा तिच्याइतका खरा पुरावा दुसरा नाही. आमच्या जुन्या वहीत एका काळात नुसत्या रहस्यकथा आहेत आणि मग एकदम शेतीची पुस्तकं. त्या वर्षी काय झालं असेल याचा मी अजून विचार करते.

या वहीत नसलेल्या पुस्तकांकडे मी वळले ती पुण्यातल्या एका प्रशिक्षणात. तिथे इंटरनेटवरची साधनं शिकवली गेली. बाकीचे सॉफ्टवेअरबद्दल विचारत होते. मी मात्र पडद्यावर ‘तोरणा’ लिहिलं आणि अडकले.

या साधनांची गोष्टही आता इतिहासजमा व्हावी इतकी जुनी झाली आहे. २००० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या योजनेत देशभरच्या ग्रंथालयांतली लाखो जुनी पुस्तकं स्कॅन झाली, त्यांत मराठी पुष्कळ. ते संकेतस्थळ पुढे बंद पडलं, पण त्याआधी बरीच पुस्तकं ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर उतरवून ठेवली गेली होती. म्हणून आज इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड मी वेल्ह्यात बसून उघडू शकते. पहिला खंड १८९८ चा. त्यांच्या शिवकालीन खंडांत मावळातल्या देशमुखांचे कागद आहेत. माझ्या कपाटात ते खंड कधीच आले नसते, आणि आले असते तर आमच्या दमट हवेत टिकले नसते.

पण पुस्तक तिथे असणं वेगळं आणि सापडणं वेगळं. स्कॅन करणाऱ्यांनी नावं देवनागरीत नोंदलीच नाहीत. रोमन लिपीत, तीही अशी की दीर्घ स्वराला दोन अक्षरं, अनुस्वाराला मध्येच अपॉस्ट्रॉफी. मराठी वाचणाऱ्याला ते वाचता येत नाही आणि इंग्रजी वाचणाऱ्याला समजत नाही. कुठे लेखकाच्या जागी प्रकाशक, कुठे सालाच्या जागी शक. पान उलटणाऱ्याचा अंगठा मजकुरावर आलेला. मी सुरुवातीला चिडायचे, आता त्या लिपीला सरावले आहे. त्या अनोळखी ऑपरेटरांनी रोज शेकडो पानं उलटली आणि त्यांतला कुणी आपल्याला भेटणार नाही, म्हणून चिडण्यातही अर्थ नाही.

इथेच मला शंकर गणेश दाते यांची थोरवी कळली. त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची विषयवार नोंद करते, पुढचा खंड १९३८ ते १९५० चा. एका माणसाने जवळजवळ एकट्याने उभं केलेलं काम. (शब्दकोशवाले दाते वेगळे, ते यशवंत रामकृष्ण. आमच्या धंद्यात हा घोळ नेहमी होतो.) आता माझी रीत अशी: आधी दात्यांच्या सूचीत पुस्तक शोधायचं, लेखकाचं खरं नाव, खरं साल, प्रकाशनाचं ठिकाण घ्यायचं, मग त्या विचित्र रोमनमध्ये ते कसं लिहिलं गेलं असेल याचा अंदाज बांधायचा आणि मग शोधायचं. चाळीसच्या दशकातली सूची हाताशी नसेल तर आजचं यंत्र मला अर्ध्या वाटेतच सोडतं. सूचीविषयी लोकांना फारसं प्रेम नसतं. कौतुक होतं स्कॅनचं.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या छापील पुस्तकांत ‘गांव’, ‘नांव’, ‘पुणें’, ‘वेल्हें’ असंच आहे. नवं ‘वेल्हे’ टाकलं तर जुनी पानं येतच नाहीत. इंग्रजीत तर एका गडाची चार स्पेलिंगं. ‘राजगड’ शोधावं तर निम्मे निकाल रायगडचे आणि उरलेले मध्य प्रदेशातल्या राजगढचे. तालुक्याचं नाव बदलल्यावर ही गर्दी वाढली आहे. फोटोतून अक्षर ओळखणारी साधनं मी मोबाईलवर वापरते. सुट्या, स्वच्छ छापाला ती चांगली चालतात. आमच्या गावाच्या नावातल्या ‘ल्ह’ला मात्र नेहमी अडखळतात. म्हणून मी एका लांब कागदावर प्रत्येक गावाची सगळी रूपं लिहून भिंतीवर लावली आहेत. कार्डांच्या काळात ग्रंथपाल ‘अमुक पाहा’ अशी उलट संदर्भाची कार्डं करत. हे त्याचंच घरगुती रूप. ‘प्रचंडगड: तोरणा पाहा. वेल्हे तालुका: १९४८ पूर्वी भोर संस्थान पाहा. गुंजण मावळ: वेल्हे पाहा.’ पाहणाऱ्याला ते जाहिरातीसारखं वाटतं, पण माझं सगळ्यांत उपयोगी साधन तेच.

सगळ्याच साधनांनी असं छळलं नाही. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा, आता सगळे खंड पडद्यावर उघडतात आणि शाळेतल्या पोरांना मी तिथेच पाठवते. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ दोन्ही शोधता येतील असे ठेवले आहेत. एका आजोबांनी जुन्या करारातला एक शब्द विचारला होता. वकिलाला तो लागत नव्हता. दाते-कर्व्यांकडे तो होता, अर्थासकट आणि उदाहरणासकट. आजोबा म्हणाले, ‘अमेरिकेत हाय म्हंता, मग आपल्याला फुकट कसं?’ त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सगळ्यांत जास्त वेळ मी पानशेतवर घालवला. पानशेत धरण आमच्याच तालुक्यात, आंबी नदीवर. १२ जुलै १९६१ ला ते फुटलं आणि पुण्यात हाहाकार झाला. तो इतिहास पुणेकरांनी पुष्कळ लिहिला आहे. त्या पाण्यात नदीकाठच्या पेठांतली घरं गेली, छापखान्यांतला कागद आणि वाचनालयांतली पुस्तकंही भिजून गेली. आमच्या डोंगरातून निघालेल्या पाण्याने पुण्याची पुस्तकं बुडवावीत आणि साठ वर्षांनी आम्ही आमचा इतिहास पुण्याच्या उरलेल्या पुस्तकांच्या स्कॅनमधून शोधावा, हा योग मला विलक्षण वाटतो. पण माझ्या वाचकांचा प्रश्न वेगळा असतो. धरण फुटायच्या आधी ते बांधलं गेलं, तेव्हा पाण्याखाली कुठली वस्ती गेली? कुठलं देऊळ? पुराबद्दल हजार पानं सापडतात, बुडालेल्या वस्तीबद्दल दोन ओळी. जुने स्थलदर्शक नकाशे इंटरनेटवर आहेत. त्यांवर नदीचं मूळ पात्र आणि काठची गावं दिसतात. मी तो नकाशा मोठा करून दाखवला तेव्हा एका मावशींनी बोट ठेवून सांगितलं, इथे आमची विहीर होती. नकाशावर विहिरीची खूण होती. ती नोंद मी माझ्या वेगळ्या वहीत केली, मावशींच्या सांगण्यासकट.

२०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदींची शोधमोहीम राज्यभर सुरू झाली आणि जुने कागद मोडी लिपीत असल्याने एकाएकी मोडीला भाव आला. माणसं प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद घेऊन यायची. वाचून द्या म्हणायची. मोडी शाळेतून साधारण १९५० च्या सुमारास गेली, त्यामुळे माझ्या वयाच्या कुणाला ती शाळेत शिकवलेली नाही. २०१४ मध्ये मोडी युनिकोडमध्ये आली, म्हणजे ती संगणकावर टंकता येते. पण हाताने लिहिलेली, शाई पसरलेली मोडी यंत्राने वाचून द्यावी हे आमच्या कागदांपुरतं तरी मला जमलेलं नाही. इंटरनेटवरच्या मोडीच्या पाठांवरून मी अक्षरं शिकले. नावं, तारखा आणि गावं मला लागतात. त्यापुढचं मी वाचत नाही, कारण एका अक्षराच्या फरकाने माणसाचं हक्काचं काही जाऊ शकतं. कागदाचा चांगला फोटो कसा घ्यायचा ते मात्र सगळ्यांना शिकवते. उन्हात नाही, सावलीत. घडी न दाबता. पाठची बाजूही.

संगणकावर नोंदी ठेवायला सरकारी ‘ई-ग्रंथालय’ आहे, ‘कोहा’ आहे. कोहा न्यूझीलंडमधल्या एका खेड्याकडच्या ग्रंथालयाने २००० मध्ये सुरू केलं, हे मला फार आवडतं. पण इंटरनेटवर सापडलेल्या वेल्ह्याबद्दलच्या पानांची माझी नोंद यांपैकी कुठल्याच साच्यात बसत नाही. स्कॅनला किंमत नाही, शिक्का मारायला पान नाही. तपासणीत ते मोजलं जात नाही, अनुदानात धरलं जात नाही. संगणकावरही ठेवून पाहिलं. आमच्याच जुन्या याद्या त्या काळच्या फाँटमध्ये टंकलेल्या होत्या. मशीन बदललं तेव्हा त्यांची रोमन चिन्हांची भेळ झाली होती, म्हणून मन धजावलं नाही. शेवटी आडव्या रेघांची दोनशे पानी वही घेतली. पुस्तकाचं नाव, साल, दात्यांच्या सूचीत आहे का, इंटरनेटवर कुठे, कुठल्या पानावर आमच्या तालुक्यातलं कुठलं गाव. लेखकाला जाऊन साठ वर्षं होऊन हक्क संपले असतील तरच पान छापून देते, तोही रकाना आहे. शेवटचा रकाना ‘कुणी विचारलं’.

तपासणीला आलेल्या साहेबांनी ती वही उलटून पाहिली आणि विचारलं, ही कुठली दाखल? मी सांगितलं, ही आपली नाही, ही बाहेरच्या पुस्तकांची. ते म्हणाले, मग हिला क्रमांक देऊ नका, गोंधळ होईल. मी क्रमांक दिलेले नाहीत. गावांची नावं मात्र वर्णानुक्रमाने लावायला घेतली आहेत, आणि सध्या ‘घ’पाशी आहे. घिसर गावाबद्दल अजून एकही पान सापडलेलं नाही.